पेनड्राईव्हमधली आत्या

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगते. मे महिन्यात आमच्या घरातला सर्व्हर आजारी पडला आणि त्याच्या शुश्रूषेत पंधरा दिवस गेले. "सर्व्हर" हा शब्द ऐकून नातेवाइकांनी लगेच ब्लॉग बंद करू नये. आजची पोस्ट मुख्यतः तुमच्यासाठीच आहे, आणि त्यात तुमच्यावर (आणि माझ्यावर) थोडा राग आहे.

आमच्या नांद्याच्या घरात, जिन्याखालच्या कोनाड्यात, एक जुना काळा डेस्कटॉप आहे. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. आत दोन-दोन टीबीच्या दोन हार्डडिस्क, शेजारी यूएसबीला लावलेली तिसरी, आणि त्यावर अख्ख्या खानदानाचं भांडार. लग्नांचे अल्बम स्कॅन करून, बाबांची पत्रं, काकांच्या अमरनाथ यात्रेचे व्हिडिओ, मुंजी, बारशी, कुणाकुणाच्या सातबाराचे फोटोसुद्धा. गेली कित्येक वर्षं मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत आले, "माझ्याकडे पाठवून द्या, माझ्याकडे सगळं नीट राहतं." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचाच पंचनामा करायचा आहे.

तर झालं असं. मे महिन्याच्या मध्यावर वळवाचा पाऊस आला. आमच्याकडे वळीव येतो तो वाजतगाजतच येतो. आधी धूळ, मग विजा, मग लाईट जाणं. त्या रात्री लाईट तीन-चारदा गेली-आली. इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे-दिव्यांसाठी. कॉम्प्युटरला लागतो तेवढ्या चपळाईने तो बदली होत नाही. सर्व्हर बंद पडला आणि लाईट आल्यावर आपला आपण सुरू झाला. मी हिरवा दिवा बघून झोपले.

दोन दिवसांनी काकांच्या पंच्याहत्तरीसाठी जुने फोटो काढायला बसले, तर फोल्डर रिकामं. एक फोटो नाही. म्हटलं असू दे, यूएसबीवर नक्कल आहेच. ती उघडली. तीही रिकामी!

पोटात खड्डा पडणे हा वाक्प्रचार आपण फार स्वस्तात वापरतो. त्या दिवशी मला त्याचा खरा अर्थ कळला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, आणि ते सापडल्यावर जास्तच वाईट वाटलं. रोज रात्री दोन वाजता एक आज्ञा चालते. मूळ डिस्कवर जे आहे तेच यूएसबी डिस्कवर करायचं: नवं आलं असेल ते तिकडे न्यायचं, इकडून काढलं असेल ते तिकडूनही काढायचं. हे काम करणारा आरसिंक नावाचा प्रोग्राम १९९६ सालापासून आहे आणि अत्यंत इमानदार आहे. वळवाच्या रात्री दोन्ही मूळ डिस्क कॉम्प्युटरला दिसेनाशा झाल्या. त्या जिथे जोडलेल्या असायच्या ते फोल्डर रिकामं राहिलं. दोन वाजता आरसिंक आला, त्याने पाहिलं की मालकिणीने सगळं काढून टाकलंय, आणि त्याने इमानाने यूएसबी डिस्कवरचंही सगळं पुसलं. एकसष्ट हजार फाइली! लॉगमध्ये एकेकीचं नाव लिहून, व्यवस्थित.

डिस्क न सापडल्यास मशीन सुरूच होऊ नये, अशी सोय आधी होती. ती मीच काढली होती. एकदा मशीन सुरू होताना अडकलं तेव्हा वैतागून "नसली तरी चालेल, पुढे जा" अशी सेटिंग टाकली होती. तेव्हा स्वतःला फार हुशार समजले होते :)

मग मी काय केलं? पहिलं काम केलं ते म्हणजे काहीच केलं नाही. रात्रीची आज्ञा बंद केली, सगळं बंद केलं, यूएसबी डिस्क काढून कपाटात ठेवली आणि चहा केला. अशा प्रसंगी माणूस घाबरून जे काही करतो त्यानेच जास्त नुकसान होतं. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते. म्हणून लिहायचं थांबवायचं.

चहा पिताना एक गोष्ट खटकली. दोन डिस्क एकाच रात्री, एकाच क्षणी मरतील कशा? एक मेली असती तर दैव म्हटलं असतं. दोन्ही एकदम गेल्या म्हणजे दोघींत सामाईक असलेलं काहीतरी गेलंय. पॅनेल उघडलं. जुन्या पॉवर सप्लायला जोडण्या कमी पडल्या म्हणून मी कधीतरी एका वायरीला दोन फाटे फोडणारं जोडपीन लावलं होतं. त्याचं पांढरं प्लास्टिक पिवळंतपकिरी झालं होतं आणि बोट लावताच ते हाललं. म्हणजे डिस्क दोन, पण जीव एकाच वायरीवर टांगलेला. नवं लावलं. दोन्ही डिस्क फिरू लागल्या. तो आवाज ऐकून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही.

या दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या ठेवलेल्या होत्या. एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर. या पद्धतीला रेड म्हणतात. बर्कली विद्यापीठातल्या तिघांनी १९८८ साली ती मांडली तेव्हा हेतू असा होता की स्वस्त डिस्क अनेक वापराव्यात आणि एक गेली तरी काम अडू नये. लक्षात घ्या, काम अडू नये. जपणूक हा त्याचा हेतूच नव्हे. आरशासमोर कपाळाला काजळ लागलं तर आरशातल्या कपाळालाही लागतंच. चुकून पुसलं, व्हायरस आला, तर दोन्हीकडे एकदम.

आणि माझा तर आरसाही फुटलेला निघाला. एक डिस्क मागच्या श्रावणातच या जोडीतून बाहेर पडली होती. तिची डेटाची वायर सैल झाली होती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिच्यात देवघेवीतल्या चुकांचा आकडा शेकड्यांत गेलेला, तो आकडा वाढला की बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून वायरीचा असतो). यंत्राने त्याबद्दल मला पत्रही पाठवायचा प्रयत्न केला होता. ते पत्र मशीनच्या आतच पडून होतं, कारण ईमेल बाहेर पाठवायची सोय मी "नंतर करू" म्हणून ठेवली होती. म्हणजे नऊ महिने मी एका डिस्कवर जगत होते. आणि त्या एकीच्या तब्येतीच्या नोंदीत वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा चढत होता.

हिशेब असा झाला. पहिली डिस्क धडधाकट, पण श्रावणापर्यंतचंच आहे. दुसरीवर सगळं आहे, पण ती जागोजागी कुजलीय. तिसरी पुसलेली. श्रावणापर्यंतचं सगळं वाचलं. आणि श्रावणानंतर, दिवाळीत, मी एकच महत्त्वाची गोष्ट त्यावर ठेवली होती. आत्याची कॅसेट.

घरच्यांना ती माहीत आहे, इतरांसाठी सांगते. १९९६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या लग्नात हळद दळताना आत्या जात्यावर बसली आणि तिने ओव्या म्हटल्या. बाबांनी टेपरेकॉर्डर लावला होता. बेचाळीस मिनिटं. मध्ये जात्याची घरघर, बांगड्या, कुणाचंतरी पोर रडतंय, "अगं चहा ठेव" असं कुणीतरी ओरडतंय, आणि त्यावर आत्याचा तो थोडा चिरका, न दमणारा आवाज. आत्या आता नाही. मागच्या दिवाळीत कॅसेटला बुरशी लागलेली दिसली, म्हणून मी ती कशीबशी एकदा वाजवून कॉम्प्युटरवर घेतली. मग आई म्हणाली, "हिचं काय करू?" मी म्हटलं, "टाकून दे, माझ्याकडे आलंय आता."

माझ्याकडे आलंय आता!

कुजलेल्या डिस्कची नक्कल करायला डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे. तो शहाण्या माणसासारखा वागतो. आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो आणि कठीण जागा शेवटी पुन्हा पुन्हा वाचून बघतो. दीड दिवस चालला. जवळजवळ सगळं आलं. आत्याच्या फाइलीत तीन खड्डे राहिले, चार-पाच सेकंदांचे. पुसलेल्या यूएसबी डिस्कवरूनही खोदून बघितलं. पण ती काठोकाठ भरलेली असल्यामुळे मोठ्या फाइलींचे तुकडे इतस्ततः विखुरलेले होते. पहिली सहा-सात मिनिटं आत्या म्हणायची आणि मग एकदम नुसती खरखर.

चार-पाच सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण दोन ओळींच्या ओवीत पाच सेकंद म्हणजे जवळजवळ एक ओळ. आणि त्या तीनांतली एक ओळ बाबांच्या नावाची होती. भावाची ओवी. ती मला अर्धवटच आठवत होती.

शेवटी धीर करून आतेभावाला फोन केला. म्हटलं, दादा, असं असं झालंय, तुझ्या आईचा आवाज माझ्याकडून खराब झाला. तो गाडी चालवत होता. म्हणाला, "कुठला, ओव्यांचा? तो आहे की गाडीत." वर्षश्राद्धाला मी त्याला एक पेनड्राईव्ह दिला होता, तो त्याने गाडीच्या टेपला जो लावला तो काढलाच नव्हता. त्यावर त्याने नंतर मराठी पिक्चरची गाणी भरली होती, भजनं भरली होती, पण ओव्या तशाच. "घाटात असलो की लावतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाठवलं. एमपीथ्री, दर्जा जरा कमी, पण सलग बेचाळीस मिनिटं. भावाची ओवी पूर्ण.

म्हणजे माझे तीन डिस्कचे मनोरे एकीकडे, आणि खरी जपणूक कुणी केली तर गाडीतल्या पेनड्राईव्हने. ज्याने जपायचं म्हणून काही केलंच नाही, फक्त ऐकलं, त्याच्याकडे ते वाचलं.

आता माझं मत. इतका वेळ ऐकलंत तर तेही ऐका.

आपल्याला वाटतं की मौल्यवान गोष्ट एका ठिकाणी, नीट, कडीकुलपात ठेवली की ती वाचते. माझा अनुभव उलटा आहे आणि इतिहासाचाही उलटा आहे. आपल्या पुण्यातच ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मची रिळं जळली. त्यांतल्या ज्या सिनेमांची नक्कल आधी दुसऱ्या, सुरक्षित फिल्मवर झाली होती ते सिनेमे राहिले. तुकोबांच्या गाथेची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेराव्या दिवशी तरंगून वर आल्या. चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने मानावा. पण परंपरा हेही सांगते की संताजी जगनाडे अभंग उतरवून घेत होते, आणि लोकांना ते तोंडपाठ होते. अभंग इतक्या मुखांत गेले होते की बुडवायचे तर नदी पुरली नसती.

आणि ओव्यांचंच बघा. आमच्या याच मुळशी तालुक्यातल्या गावांमधून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि ते काम पुढे महाराष्ट्रभर पसरून लाखाच्या वर ओव्या जमल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि दळायचं थांबलं तसं म्हणायचंही थांबत गेलं, तेव्हाचं हे काम. ओव्या नुसत्या वहीत उतरवून ते थांबले नाहीत. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकाबरोबर त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. काम तिथेच थांबलं असतं. पण २०१७ पासून "पारी" या संकेतस्थळावर त्या ओव्या मजकूर, आवाज, भाषांतर अशा रूपांत येऊ लागल्या. पारीची माणसं गावोगाव जाऊन त्या गाणाऱ्या बायकांना पुन्हा भेटली, त्यांचे फोटो काढले, पुन्हा गाऊन घेतलं. कागद, फीत, कॉम्प्युटर, आणि पुन्हा माणूस. याला मी बॅकअप म्हणते.

मी काय केलं होतं? याच्या बरोबर उलट. "माझ्याकडे आहे" असं म्हणून म्हणून मी तुम्हा सगळ्यांच्या नकला संपवल्या. काकांनी आपली जुनी हार्डडिस्क भंगारात दिली, "तिच्याकडे आहे ना." मावसबहिणीने फोनमधली जागा मोकळी केली, "ताईकडे पाठवलंय." आईने कॅसेट टाकली. आधी जी गोष्ट चार घरांत वेडीवाकडी पडून होती, ती माझ्या व्यवस्थितपणामुळे एका जिन्याखाली, एका वायरीवर आली. मी भांडार उभं केलं आणि धोकाही मीच.

यावर नवरा म्हणतो, "सगळं क्लाउडवर टाक आणि सुटका कर." टाकलंय, एक नक्कल तिथेही टाकलीय. पण तेवढ्यावर विसंबू नये. आपल्यापैकी ज्यांनी ऑर्कुटवर रात्री जागवल्या त्यांना ३० सप्टेंबर २०१४ आठवत असेल, त्या दिवशी ते बंद झालं. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ पासून संपली. दुकान त्यांचं, अटी त्यांच्या. आणि खात्याचा पासवर्ड एकट्या माझ्या डोक्यात असेल तर माझ्यानंतर ते भांडार आणि इंद्रायणीचा डोह यांत फरक काय?

पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक साधा नियम आहे: तीन नकला, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. तो मी आता पाळतेय. रात्रीची आज्ञा आता आधी एक खुणेची फाइल शोधते, ती दिसली नाही तर काहीही न करता थांबते. एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त फाइली पुसायच्या असतील तरी थांबते आणि मला विचारते. जुनं लगेच पुसलं जात नाही, तीन महिने मागचं बघता येतं. बाहेरच्या डिस्क आता दोन. काम झालं की काढून ठेवायच्या, आणि त्यातली एक कायम भावाकडे कोथरूडला. ईमेल आता खरोखर येतं. मी मुद्दाम एक डिस्क काढून ते येतं का ते बघितलं. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नकलेतून कुठलीही दहा फाइली उघडून बघायच्या. कारण उघडून न बघितलेली नक्कल म्हणजे देवावरचा भरवसा. तो जरूर ठेवावा, पण त्याला बॅकअप म्हणू नये.

कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. त्यावर साध्या मराठीत, क्रमाने: मशीन कुठे, डिस्क कुठल्या, काय झालं तर काय करायचं नाही. पहिली ओळ आहे, "घाबरून काहीही करू नका, आधी चहा करा." नवऱ्याला एकदा तो कागद हातात देऊन सगळं एकट्याने करायला लावलं. दोन ठिकाणी अडला, दोन्ही ठिकाणी चूक माझ्या लिहिण्यात होती.

पण हे सगळं तंत्र झालं. त्याने डिस्क वाचतील. आत्या वाचायची असेल तर ती ऐकली गेली पाहिजे. एकसष्ट हजार फाइलींपैकी आपण वर्षभरात किती उघडतो? मी मोजायच्या फंदात पडले नाही, लाज वाटली असती. जे कुणी उघडत नाही ते गेलं तरी कळत नाही. माझा आरसा नऊ महिने फुटलेला होता आणि मला पत्ता नव्हता, तो त्याचमुळे.

म्हणून नातेवाईक मंडळी, या दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर प्रत्येक घरी एक पेनड्राईव्ह येईल. त्यावर सगळं नाही. बँकेचे, जमिनीचे कागद ज्याचे त्याच्याकडे. दोनेकशे निवडक फोटो, बाबांची पत्रं आणि आत्याच्या ओव्या. तो कपाटात जपून ठेवू नका, एवढीच विनंती. गाडीला लावा, टीव्हीला लावा, पोरांना ऐकवा, हरवलात तर सांगा, दुसरा देईन. आणि "तिच्याकडे आहे" असं म्हणून स्वतःकडचं काही टाकू नका. टाकायच्या आधी मला फोन करा. मी ओरडणार नाही. (थोडी ओरडेन.)

आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही शेवटची नक्कल कधी काढलीत ते विचारत नाही. ती शेवटची उघडून कधी बघितलीत?

असो. बाहेर पुन्हा आभाळ गडगडायला लागलंय. सर्व्हर बंद करून येते.